आराम किती किलोमीटरवर असतो?

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे, समुद्र मात्र नाही. मुंबईचा किनारा रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर. त्यामुळे इथल्या माणसाला ‘जरा कुठंतरी निवांत जाऊन येऊ’ असं वाटलं की डोळ्यांपुढे येणारं पाणी लांबचंच असतं. हल्ली ते मोबाईलवर दिसतं. पांढरी वाळू, झुकलेला माड, काचेसारखा निळा-हिरवा समुद्र आणि खाली कुठल्यातरी कॅरिबियन बेटाचं नाव. पाठोपाठ प्रश्न येतो, आणि तो अनेकजण विचारतात : खरा आराम हवा असेल तर इतकं लांब जावंच लागतं का? आणि गेलो, तर चार-पाच दिवसांत तो मिळतो का?

‘आराम मनात असतो हो’ असं सांगून हा प्रश्न उडवून लावता येतो. पण थकलेल्या माणसाला असलं उत्तर देणं म्हणजे त्याची थट्टा आहे. थकवा शरीरात असतो, त्याचे हिशेब मांडता येतात, आणि गेल्या तीसेक वर्षांत काही शास्त्रज्ञांनी ते मांडलेही आहेत. या प्रकरणात ते पाहू. वाटेत वर्ध्याजवळच घडलेलं विश्रांतीचं एक उदाहरण भेटेल. या विषयावर मला त्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

१. बेटाचं भाडं तासांत मोजा

कॅरिबियन बेटं मराठी माणसाच्या घरात आली ती क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरी हरवलं आणि सुनील गावसकरांनी आपल्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. तेव्हापासून पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन ही नावं रेडिओवरून आपल्या कानांवर पडत आली आहेत. बार्बाडोस हे त्यातलंच एक बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं. आपला वर्धा जिल्हा ६,३०० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे जिल्ह्यात अशी चौदा बार्बाडोस मावतील.

नागपूरहून बार्बाडोस सरळ रेषेत सुमारे १४ हजार किलोमीटर पडतं. विमान थेट नाही. दोन-तीन ठिकाणी बदलत जावं लागतं आणि घराचं कुलूप लावल्यापासून हॉटेलच्या खोलीत पाय टाकेपर्यंत दीड दिवस सहज जातो. पैसे किती, हा हिशेब प्रत्येकजण करतो. तासांचा हिशेब फारसं कुणी करत नाही, म्हणून तो इथं करू.

समजा, तुम्ही आठवडाभराची रजा टाकली. जाण्यात दीड दिवस आणि येण्यात दीड दिवस. हातात राहिले चार. आता घड्याळाकडे बघा. बार्बाडोसची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तिथं रात्रीचे दहा वाजतात तेव्हा वर्ध्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतात. मनगटावरचं घड्याळ तुम्ही विमानातच बदलता, पण शरीराचं घड्याळ असं बदलत नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. झोप कधी, भूक कधी, अंगाचं तापमान कधी वाढवायचं हे तो ठरवतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो आपली वेळ दुरुस्त करतो, पण सावकाश. पश्चिमेकडे गेल्यावर तो साधारण दिवसाला एक ते दीड तास सरकतो. साडेनऊ तास सरकायला त्याला सहा ते नऊ दिवस हवेत, आणि तुमच्याकडे आहेत चार.

म्हणजे तिथं दुपारी साडेबाराला, समोर समुद्र आणि ताटात मासा असताना, तुमचं शरीर वर्ध्यातले रात्रीचे दहा वाजवून पेंगत असणार. रात्री सगळं बेट झोपलं की तुम्ही टक्क जागे. घड्याळ जुळत येतं न येतं तोच परतीचं विमान. परत येताना पूर्वेकडे यायचं असतं, आणि पूर्वेकडचा प्रवास शरीराला जास्त जड जातो. सोमवारी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून जी झोप येते ती या सुट्टीचीच.

लहान सुट्टी आणि लांब बेट यांचं गणित जुळत नाही ते असं. बेट तीन तासांवर असेल तर गोष्ट वेगळी. मायामीच्या माणसाला लांब शनिवार-रविवार गाठून कॅरिबियनला जाणं परवडतं, कारण त्याचं शरीराचं घड्याळ फारसं हलतच नाही. ती जाहिरात मुळात त्याच्यासाठी असते आणि मोबाईलमुळे आपल्याला दिसते.

२. थकवा म्हणजे काय साठतं?

आता थकव्याकडे वळू. काम करताना शरीर खर्च करतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्यं रक्तात उतरतात. अॅड्रिनलिन अंगाला तत्काळ तयार ठेवतं, तर कॉर्टिसॉल कामासाठी रक्तातली साखर वाढवतं. यात वाईट काही नाही. परीक्षेच्या दिवशी, मार्च अखेरीस, कापसाच्या गाड्या जिनिंगमध्ये लागल्या की हे व्हायलाच हवं. काम थांबलं की सगळं पूर्वपदावर येतं. थिओ मेइमन आणि गिसबर्टस मुल्डर या दोन डच मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली हे साधंसं दिसणारं सूत्र मांडलं : श्रमाचा परिणाम पुसला जातो, अट एवढीच की पुढचा भार येण्याआधी मधे पुरेशी उसंत मिळाली पाहिजे.

आर्वी-कारंज्याकडचा संत्राबागायतदार हे विहिरीवरून लगेच समजेल. मोटर चालू केली की पाण्याची पातळी उतरते. मोटर बंद केली की झऱ्यांतून पाणी पाझरत राहतं आणि सकाळपर्यंत विहीर पुन्हा भरते. रोजचा उपसा रोजच्या पाझराइतका असेल तोवर चिंता नाही. पण पातळी वर यायच्या आत मोटर पुन्हा सुरू केली, तीही रोज, तर मे महिन्यात तळ दिसतो. वर्षभर असा उपसा करून दिवाळीत एकदा दहा दिवस मोटर बंद ठेवली, तर विहीर भरेल हे खरं. ती दिवाळीनंतर किती दिवस पुरेल, हाच मुद्दा आहे.

रोजचा पाझर म्हणजे रात्रीची झोप आणि संध्याकाळचे दोन तास. आठवड्याचा पाझर म्हणजे सुट्टीचा वार. वार्षिक सहल त्यानंतर येते. आपण उलट करतो. संध्याकाळ ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला देतो, रविवार लग्नांना देतो आणि वर्षभराची सारी भिस्त मे महिन्यातल्या एका सहलीवर ठेवतो.

बैलाचा उपसा आपल्या वाडवडिलांना नीट कळत होता. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, खांद्याला तूप-हळद लावून शेकतात. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळाही असतो, आणि सिंदी (रेल्वे) इथला लाकडी नंदींचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. बैलाच्या खांद्याची एवढी काळजी घेणाऱ्या घरात धन्याच्या किंवा धनिणीच्या खांद्यासाठी मात्र असा सण नाही.

३. डच लोकांनी मोजलेली सुट्टी

सुट्टीचा परिणाम मोजण्याचं काम सर्वांत चिकाटीनं केलं ते नेदरलँड्समधल्या संशोधकांनी. गंमत म्हणजे कॅरिबियन समुद्रातली काही बेटं याच देशाच्या ताब्यात आहेत.

यरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दीड हजार डच प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आलेले होते, बाकीचे घरीच होते. जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले, पण कधी? सुट्टीला निघण्याआधी. तिकीट काढणं, बॅग भरणं, मुलांनी रोज ‘अजून किती दिवस’ विचारणं या काळात. परत आल्यावर दोन्ही गटांत फरक उरला नाही. अपवाद फक्त ज्यांनी ‘सुट्टी अतिशय निवांत गेली’ असं सांगितलं त्यांचा, आणि तोही काही आठवड्यांपुरता.

येसिका दे ब्लूम या संशोधिकेनं आणखी बारकाईनं पाहिलं. सरासरी २३ दिवसांच्या लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांना तिनं सुट्टीआधी, सुट्टीत आणि नंतर वारंवार विचारलं : झोप कशी आहे, मन कसं आहे, थकवा किती? २०१३ साली निष्कर्ष आले. बरं वाटण्याची रेघ चढत जाऊन आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर पोचली. कामावर परतल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात ती खाली मूळ जागी आली. चार-पाच दिवसांच्या सुट्ट्यांवरही तिनं वेगळा अभ्यास केला. तिथंही तब्येत आणि मन दोन्ही सुधारली, आणि तिथंही सुधारणा लवकर विरली.

यातून निराश होण्यासारखं काही नाही. जेवणाचा परिणामही सहा तासांत संपतो, म्हणून कुणी जेवण सोडत नाही. उपयोगाचा मुद्दा असा, की तीन आठवड्यांच्या सुट्टीचा साठा चार दिवसांच्या सुट्टीच्या पाचपट टिकत नाही. दोन्ही साठे जवळपास सारख्याच वेगानं संपतात. मग वर्षातून एकदा मोठी सुट्टी घ्यायची की अनेकदा लहान, याचं उत्तर लहानकडे झुकतं. आणि सुट्टी लहान म्हटली की जागा जवळची हवी, हे पहिल्या भागातल्या हिशेबानं ठरलेलंच आहे.

४. पवनारच्या पुलावर

जवळ गेलं तर काम सुटतं का, हा यावरचा खरा आक्षेप. बेटावर गेलेला माणूस निदान ऑफिसच्या टप्प्याबाहेर असतो. वर्ध्याचा माणूस दहा किलोमीटरवर जाऊन बसला तर त्याचं डोकं गावातच राहणार. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला उत्तर देणारा माणूस वर्ध्याचाच आहे.

१९३८ साल. विनोबा भावे तेव्हा ४२ वर्षांचे. वर्ध्याजवळ नालवाडीत राहून तासन्‌तास सूतकताई करत होते. कातणाऱ्या मजुराला जेवढी मजुरी मिळते तेवढ्यात आपलं पोट भरायचं, असा त्यांचा प्रयोग चालू होता. प्रकृती ढासळत गेली आणि वजन ८८ पौंडांवर आलं. म्हणजे चाळीस किलो. गांधीजी तेव्हा पलीकडे शेगावात, आजच्या सेवाग्रामात, राहायला आलेले होते. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी विनोबांना बोलावून घेतलं. हवापालटासाठी कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी जावं, असा विचार पुढे आला. त्या काळी पैसेवाल्या आजाऱ्याला डॉक्टर हेच सांगत. आजच्या भाषेत म्हणायचं तर विनोबांपुढे एक चांगलं पॅकेज ठेवलं गेलं होतं.

विनोबांनी ते नाकारलं आणि पवनार निवडलं. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, आठ-नऊ किलोमीटरवर, धाम नदीच्या काठच्या टेकडीवर जमनालाल बजाजांचा एक बंगला होता. तिथं जाऊन राहतो, म्हणाले. गरिबाला कुठली नैनिताल-मसुरी परवडणार, हा विचार गांधीजींनाही पटला. त्यांनी अट घातली ती एवढीच, की कामाचे सगळे विचार मागे ठेवून जायचं.

पुढचं विनोबांनीच आपल्या आठवणींत सांगितलं आहे. मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी ‘मी सोडलं’ असा संकल्प तीनदा उच्चारला. आश्रम, संस्था, कामं, माणसं, सगळं त्या पुलाच्या अलीकडे राहिलं. बंगल्यात त्यांनी दिवसाचा बराच भाग काहीही विचार न करता घालवला. थोडं चालायचे. मग शेतात कुदळ मारायला लागले, पहिल्यांदा अगदी काही मिनिटं, मग हळूहळू वाढवत. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं. चाळीस पौंडांची भर, आणि तीही वर्ध्याच्या हवेत, जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो!

या कहाणीकडे संतचरित्रातला प्रसंग म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे. मी तिच्याकडे प्रयोग म्हणून पाहतो. जर्मन संशोधिका साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्स यांनी २००७ साली विश्रांतीचे चार घटक सांगितले. पहिला, मनानं कामापासून सुटणं. नुसतं ऑफिसबाहेर असणं पुरत नाही, ऑफिस डोक्याबाहेर जावं लागतं. दुसरा, शिथिलता. शरीर आणि मन दोन्ही सैल पडणं. तिसरा थोडा अनपेक्षित आहे : कामाशी संबंध नसलेली एखादी गोष्ट शिकणं किंवा अंगाला कस लावणं. चौथा, आपला वेळ आपल्या ताब्यात असणं, म्हणजे आज काय करायचं हे दुसऱ्या कुणी न ठरवणं.

आता पवनारकडे पुन्हा बघा. पुलावरचा संकल्प म्हणजे सुटणं. रिकामं बसणं म्हणजे शिथिलता. सूत कातणाऱ्या हातांनी कुदळ धरली, म्हणजे कस लावणारी नवी गोष्ट. आणि थंड हवेचं ठिकाण नाकारून जागा स्वतः निवडली, म्हणजे ताबा. चारही घटक तिथं आहेत आणि तेही शास्त्रज्ञांनी त्यांना नावं देण्याच्या सत्तर वर्षं आधी. अंतर हा पाचवा घटक या यादीत कुठंच नाही.

कुदळीबद्दल एक जादा गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच शेतात खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं दगडी शिल्प सापडलं. पवनार ही वाकाटकांची जुनी वस्ती, आणि त्यांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मत वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. ते शिल्प पवनारच्या आश्रमात आजही आहे. कुठल्याही टूर कंपनीला सुट्टीत असा कार्यक्रम ठेवता येणार नाही.

ताब्याचं महत्त्व कळण्यासाठी उलटं उदाहरणही आहे, तेही बेटावरचंच. २९ जून २०२४ रोजी भारतीय संघानं बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. पाठोपाठ बेरिल चक्रीवादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि संघ हॉटेलात अडकला. ४ जुलैला तो दिल्लीत पोचला. जगात ज्यासाठी लोक पैसे साठवतात त्या बेटावर जादा मुक्काम मिळाला होता, आणि बातम्या सगळ्या विमान कधी सुटणार याच्या होत्या. स्वतः न निवडलेलं बेट कोंडवाड्यासारखं होतं. मुलांच्या हट्टापायी किंवा शेजाऱ्यांनी केली म्हणून केलेल्या सहलीचंही थोडंफार तसंच होत असतं.

५. फोन

विनोबांच्या काळी पूल ओलांडला की काम मागे राहत होतं. आज काम खिशात बसून पूल ओलांडतं.

सेवाग्राम आश्रमात एक जुना दूरध्वनी जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून तो बसवला होता. इंग्रज सरकारची घंटा ज्याच्या दारात वाजू शकत होती, तो माणूस दर सोमवारी मौन पाळायचा. अगदी गरज पडली तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून द्यायचा. देशातल्या सर्वांत व्यग्र माणसांपैकी एकानं आठवड्यातला एक दिवस बोलण्याविना ठेवला आणि सगळ्यांनी तो मान्य केला, कारण तो वार ठरलेला होता. आपलं चुकतं ते इथं. आपण ‘जमलं तर फोन बघणार नाही’ म्हणतो. ठरलेला वार लोक पाळतात, ‘जमलं तर’ कुणीच पाळत नाही.

फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याचा नोकरदाराचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तशा आशयाचं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर उपाय आपल्याच हातात आहे. निघण्याआधी एका सहकाऱ्याला सांगायचं की खरंच आग लागली तर घरच्या अमुक नंबरवर फोन कर, आणि बाकीचे ग्रुप बंद करायचे. आग सहसा लागत नाही.

६. पहिली रात्र आणि शेवटचा दिवस

लहान सुट्टी आखताना दोन बारीक गोष्टी कामाला येतात.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. २०१६ साली ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी त्यामागचं कारण दाखवलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि बारीक आवाजालाही दाद देतो, जणू पहाऱ्यावर असतो. दुसऱ्या रात्री हा फरक जातो. याचा अर्थ, एका रात्रीची सहल ही सगळीच्या सगळी पहाऱ्याची रात्र असते. पाच दिवसांत चार हॉटेलं बदलणाऱ्या टूरमध्ये तर पहिली रात्र चारदा येते! म्हणून मुक्काम एकाच ठिकाणी आणि निदान दोन रात्रींचा हवा. घरची उशी सोबत नेली तर लोक हसतील. हसू द्यावं.

दुसरी गोष्ट आठवणीची. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली लोकांना १४ अंशांच्या थंडगार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला सांगितला. नंतर दुसऱ्या फेरीत तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धं मिनिट, ज्यात पाणी हळूहळू अंशभर गरम केलं होतं. तिसऱ्यांदा यातली कुठली फेरी घ्याल, असं विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी दुसरी निवडली. एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा. मन अनुभवाची लांबी मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवतं. मग आपण सहलीचा शेवट कसा करतो? सकाळी दोन पॉइंट, दुपारी खरेदी, धावत गाडी, रात्री दोनला घर आणि सकाळी कामावर. त्यापेक्षा शेवटच्या दिवशी जेवून दुपारीच निघावं आणि संध्याकाळी आपल्या ओट्यावर चहा प्यावा.

७. बेट कसलं घ्यावं?

बेटाची बाजूही मांडायला हवी. कॅरिबियनमध्ये साबा नावाचं एक डच बेट आहे, जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं आणि दोन हजारांच्या आसपास वस्तीचं. मुख्य रस्ता एकच, त्याचं नावही नुसतं ‘रस्ता’. धावपट्टी ४०० मीटरची. मोठी पुळण नाही. तरी लोक तिथं जाऊन निवांत होतात, कारण जागा लहान आहे, तिला कडा आहे आणि ‘बघायचं राहिलं’ असं म्हणायला फारसं काही नाही. आराम देण्याचं काम बेटाचा हा लहानपणा करतो. तो गुण घेऊन घराजवळची जागा शोधता येते.

वर्ध्याहून तीस-पस्तीस किलोमीटरवर, सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे, बोर धरण आहे. १९७० साली भोवतालचं जंगल अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडणारं. ताडोब्याला जाणारा माणूस वाघाचा हिशेब मनात घेऊन जातो आणि वाघ दिसला नाही तर चिडून परततो. बोरला अपेक्षा कमी असते, म्हणून मन मोकळं राहतं. साग, तेंदू, बांबूचं कोरडं जंगल, चितळ-सांबर, अस्वल, आणि धरणाचं पसरलेलं पाणी. एकच सफारी करावी, उरलेला वेळ पाण्याकडे तोंड करून बसावं. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर कुणाच्यातरी शेतात हुरडा मिळेल, नाहीतर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी.

ज्याला जंगल नको त्यानं पवनारला धामकाठी जावं. १९५९ साली विनोबांनी तिथं स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. आश्रमाचे नियम साधे आहेत आणि ते पाळायचे असतात, तिथं पिकनिकचा गोंगाट करू नये. वर्ध्यातच गोपुरीत गीताई मंदिर आहे. त्याला छत नाही, नुसत्या उभ्या शिळांवर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. संध्याकाळी तासभर फिरायला त्याहून शांत जागा शहरात मला दुसरी दिसत नाही. आणि खाऱ्या पाण्याचं खरंखुरं बेटच हवं असेल, तर अंदमानचं स्वराज द्वीप आहे. घड्याळ आपलंच असतं, फक्त विमान बदलून पुढे बोटीनं जावं लागत असल्यामुळे सहा-सात दिवस हातात हवेत.

आता रजेचा हिशेब. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ८ नैमित्तिक रजा असतात आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवारला एक रजा जोडली की तीन दिवस आणि दोन रात्री होतात. आठपैकी चार रजा आजारपणाला आणि लग्नकार्याला ठेवल्या तरी वर्षात अशा चार सुट्ट्या निघतात, दर तीन महिन्यांनी एक. दुकानदाराला आणि शेतकऱ्याला ही सोय नाही. त्यांनी पेरणी आणि वेचणी यांच्या मधला, किंवा बाजार थंड असतो तो आठवडा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खूण करून ठेवावा. ठरवून ठेवलं की निघण्याआधीचा आनंदही मिळतो, आणि डच पाहणीनुसार सर्वांत खात्रीचा आनंद तोच.

बोरची सफारी पावसाळ्यात बंद असते, तेव्हा निघण्याआधी सफारीची आणि खोलीची दोन्ही नोंदणी पक्की करा. आणि कॅरिबियनला जायचंच असेल तर तीन आठवडे हाताशी असतील तेव्हा जरूर जा. चार दिवसांसाठी जाऊ नका.